दृष्टिहीनांचा प्रवास आणि उपग्रहाधारित दिशादर्शन : एक ऐतिहासिक मागोवा

दृष्टिहीन व्यक्तीच्या स्वतंत्र प्रवासात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले असतात. पायाखालची वाट सुरक्षित आहे काय, हा पहिला. आणि आपण नेमके कोठे आहोत व भोवती काय आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. युद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठी व ती फिरविण्याची पद्धत विकसित केली. मात्र काठीचा पल्ला एकदोन पावलांपलीकडे जात नाही. ओलांडलेला चौक कोणता, हे ती सांगत नाही. ते कोणाला तरी विचारावे लागते. वाट विचारण्यात कमीपणा नाही, पण विचारल्यावाचून गत्यंतरच नसणे ही परावलंबनाची अवस्था होय.

दुसऱ्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी उपग्रहांवरून मिळणारे स्थान आणि संगणकीय नकाशा यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली. त्यांचे सहकारी रेजिनल्ड गॉलेज हे मनुष्य आपल्या मनात परिसराचा नकाशा कसा रचतो, याचे अभ्यासक असलेले भूगोलतज्ज्ञ. १९८४ साली त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. संशोधक आणि वापरकर्ता या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, ही या प्रकल्पाची मोठीच जमेची बाजू म्हटली पाहिजे. रॉबर्टा क्लॅट्झ्की यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले यंत्र पाठपिशवीतून वाहावे लागे. परंतु त्यातील कल्पना अभिनव होती. केवळ ‘डावीकडे वळा’ असे न सांगता, इमारतीचे नाव जणू त्या इमारतीच्या दिशेनेच ऐकू येईल, अशी ध्वनिरचना त्यांनी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत हीच पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली.

प्रयोगशाळेबाहेर मात्र अडथळा वेगळाच होता. उपग्रहयंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याची असल्याने नागरी संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई आणि ती शंभर मीटरपर्यंत असू शके. मोटारचालकाला अशी चूक एक वेळ चालेल, कारण त्याला रस्ता दिसतो. दृष्टिहीन पादचाऱ्याला मात्र ती भलत्याच गल्लीत नेऊन सोडते. ही चूक सुधारण्यासाठी वेगळा रेडिओग्राहक जवळ बाळगावा लागे. १९९० च्या दशकात ‘आर्केनस्टोन’ या संस्थेने बोलणारा नकाशा आणला. त्याला उपग्रहग्राहकाची जोड देणारे ‘स्ट्रायडर’ हे साधन मात्र बाजारात पोहोचलेच नाही. २ मे २००० रोजी नागरी संकेतांतील कृत्रिम चूक बंद झाली. या निर्णयामागे दृष्टिहीनांचा विचार नव्हता, पण त्याचा लाभ त्यांना झाला.

‘स्ट्रायडर’शी संबंधित असलेले माइक मे यांना बालपणीच अंधत्व आले होते. त्यांच्या ‘सेंडेरो’ या कंपनीने प्रथम लॅपटॉपवर चालणारी आणि २००२ साली ब्रेल टिपणयंत्रावर चालणारी प्रणाली आणली. पुढल्याच वर्षी कॅनडातून ‘ट्रेकर’ आले. ही साधने महाग होती. त्याहून गंभीर अडचण नकाशांची. ते मुख्यतः मोटारींसाठी तयार झालेले. पदपथ, दुकानाचे दार, बसथांबा यांची नोंद त्यांत क्वचितच असे. म्हणून वापरकर्त्याने आपल्या खुणा स्वतः नोंदविण्याची सोय अत्यंत महत्त्वाची ठरली. दृष्टिहीनांनीच घडविलेल्या ‘लोडस्टोन’ या विनामूल्य प्रणालीने तर याच सोयीवर भिस्त ठेवली. साध्या सिम्बियन फोनवर चालणाऱ्या या प्रणालीत वापरकर्ते आपापल्या गावातील नोंदी करून त्यांची आपसांत देवाणघेवाण करीत. नकाशा कोणासाठी आणि त्यात कशाला ‘स्थळ’ म्हणावे, हा निर्णय येथे प्रथमच प्रत्यक्ष चालणाऱ्याच्या हाती आला.

२००९ साली आयफोनमध्ये पडदावाचक अंगभूत आल्यानंतर वेगळ्या उपकरणाची निकड ओसरू लागली. फिनलंडमध्ये २०१२ साली तयार झालेल्या ‘ब्लाइंडस्क्वेअर’ने तर सर्वसामान्यांनी भरलेली खुली माहितीच आधारास घेतली. सांता बार्बराच्या ध्वनिकल्पनेला मात्र सर्वसामान्यांच्या हाती येण्यासाठी २०१८ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘साउंडस्केप’ विनामूल्य उपलब्ध केले. गंतव्यस्थानाच्या दिशेने सतत ऐकू येणारा ध्वनी हे त्याचे वैशिष्ट्य. गॉलेज २००९ सालीच निवर्तले होते.

२०२३ साली कंपनीने ही सेवा बंद केली. तिच्या भरवशावर रोजचा रस्ता बसविलेल्यांना या निर्णयात कोणताही वाटा नव्हता. मूळ आज्ञावली मात्र खुली करण्यात आल्यामुळे इतरांना तिच्या आधारे नवी ॲप्स तयार करता आली. तरीही उपग्रहाची अचूकता काही मीटरांची. इमारतीपाशी पोहोचल्यावर दार कोणत्या बाजूस आहे, हे अजून काठीनेच शोधावे लागते.