वठणीवरून वळणाकडे : कुत्र्याच्या पिल्लाचे शिक्षण आणि मालकाची वृत्ती

मराठीत ‘वठणीवर आणणे’ आणि ‘वळण लावणे’ असे दोन वाक्प्रयोग आहेत. पहिल्यात समोरच्याचा हट्ट मोडून काढणे अभिप्रेत असते. दुसऱ्यात त्याच्या वाढीला दिशा देणे, आणि त्यासाठी वळण लावणाऱ्यानेही काही शिस्त पाळणे, हे गृहीत असते. कुत्र्याच्या पिल्लाला शिकवण्याचा पाश्चात्त्य इतिहास या दोन कल्पनांमध्येच हेलकावे खात आला आहे. या काळात पिल्लाची शिकण्याची रीत फारशी बदललेली नाही. बदलत गेली ती मालकाकडून असलेली अपेक्षा. पिल्लू बिघडले तर दोष कोणाचा, या प्रश्नाला प्रत्येक काळाने दिलेले उत्तर पाहिले की त्या काळाची पद्धतही आपोआप उलगडते.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने शिकारीवरील आपल्या ग्रंथात पिल्लांची नावे आखूड असावीत, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून अशा नावांची लांबलचक यादीच दिली आहे. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी एरियन या दुसऱ्या ग्रीक लेखकाने याच विषयावर लिहिताना हॉर्मी नावाच्या आपल्या करड्या डोळ्यांच्या शिकारी कुत्र्याचे जे वर्णन केले, ते पिल्लाच्या मनाविषयीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत हृद्य नोंदींपैकी एक मानावे लागेल. कुत्र्याला नाव घेऊन शाबासकी द्यावी, थोपटावे, शक्य तर माणसाजवळ झोपू द्यावे, असे एरियनचे मत होते. आणि लहानपणी चाबकाचा मार खाल्लेले कुत्रे मोठेपणी ‘चाबूक’ हा शब्द नुसता कानी पडला तरी बोलणाऱ्यापुढे येऊन दबकते, गयावया करते आणि त्याचा राग निवेपर्यंत त्याला सोडत नाही, हेही त्याने टिपून ठेवले. मार विसरला जात नाही, हे निरीक्षण इतक्या जुन्या काळी लिहिले गेले असूनही पुढील शतकांच्या व्यवहारात त्याचा प्रभाव फार थोडा दिसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये बंदुकीच्या शिकारीसाठी कुत्रे तयार करण्याला ‘मोडणे’ या अर्थाचाच शब्द रूढ होता. हा शब्द विल्यम हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने 1848 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नावातही आहे. आतील उपदेश मात्र त्या नावाशी विसंगत वाटावा इतका सौम्य आहे. शिकवणाऱ्याने स्वतःचा राग आवरावा, आज्ञांचे शब्द आणि हाताच्या खुणा रोज बदलू नयेत आणि केलेल्या कामाचे बक्षीस द्यावे, यावर त्याचा भर होता. पुढे 1880च्या दशकात अमेरिकेत एस. टी. हॅमंड यांनी ‘मोडणे’ आणि ‘शिकवणे’ हा भेद थेट पुस्तकाच्या शीर्षकातच मांडला. मालकाचा संयम हा केवळ सद्गुण नसून शिक्षणाचे साधन आहे, ही जाणीव या दोघांच्या लेखनात स्पष्ट दिसते.

या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीची व्यक्ती म्हणजे जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात, कुत्र्याला मानवी नीतिकल्पना कळत नाहीत, म्हणून त्याला उपदेश करणे किंवा ‘याला आपली चूक कळते’ असे समजून मागाहून रागावणे व्यर्थ आहे, असे ठाम प्रतिपादन आहे. शाबासकी असो वा शिक्षा, ती कृती घडत असतानाच पोहोचली पाहिजे, हे तत्त्व पुढे प्रयोगशाळांनी सिद्ध केले. तरीही त्याच पुस्तकात काटेरी गळपट्टा आणि छडी यांचे समर्थन आहे, कारण माणूस हा कुत्र्याचा निर्विवाद वरिष्ठ असला पाहिजे, ही मोस्ट यांची धारणा होती. पोलीस आणि सैन्यदलातील प्रशिक्षक हीच धारणा बरोबर घेऊन घरगुती कुत्र्यांच्या वर्गांत आले, आणि खरे नुकसान तेथे झाले. कारण नोकरीवर जाणारा प्रौढ कुत्रा आणि घरात आलेले दोन महिन्यांचे पिल्लू यांना एकाच मापाने मोजले गेले.

या धारणेला शास्त्रीय आधाराचा आभास मिळाला तो लांडग्यांच्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर 1947 मध्ये लिहिलेल्या निबंधातून कळपातील वर्चस्वाच्या झगड्याचे चित्र पुढे आले, आणि कुत्रा हा लांडग्याचा वंशज म्हणून मालकाने ‘म्होरक्या’ व्हावे, असा सल्ला प्रचारात आला. अमेरिकेतील न्यू स्कीट येथील मठवासीयांच्या 1978च्या लोकप्रिय पुस्तकात कुत्र्याला पाठीवर उलटे पाडून दाबून धरण्याची शिफारस होती. 2002च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी ती मागे घेतली, हा प्रांजळपणा आदरास पात्र आहे. तत्पूर्वी 1999 मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी दाखवून दिले होते की मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप हे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. बंदिस्त जागेत कोंडलेल्या परक्या लांडग्यांच्या भांडणांवरून त्याचे नियम काढणे चूक आहे.

पिल्लाचा स्वतंत्र विचार करण्याचे श्रेय अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेकडे जाते. तेथील संशोधकांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्ले उंच कुंपणाच्या शेतात आईजवळ, माणसापासून दूर वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत त्यांतील काहींना आठवडाभर माणसांचा सहवास दिला. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न भेटलेली पिल्ले जवळपास रानटी प्राण्यांसारखी वागू लागली. त्याच प्रयोगशाळेतील स्कॉट आणि फुलर यांच्या 1965च्या ग्रंथाने तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या या काळाला, म्हणजे ओळख आणि विश्वास रुजण्याच्या अवधीला, निर्णायक महत्त्व दिले. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ ही म्हण स्वभावाच्या अपरिवर्तनीयतेची ग्वाही देते. या प्रयोगांनी मात्र दाखवले की ज्याला स्वभाव समजले जाते, त्याचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतील माणसांच्या वागण्यावर ठरतो.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात प्राण्यांना शिकवण्यासाठी टिकटिक वाजणारे साधे खेळणे सुचवले होते: खाऊ तोंडापर्यंत पोहोचण्याआधी निघणारा आवाज ‘हेच बरोबर’ असे त्या क्षणी सांगतो. त्याचा उपयोग करायचा तर पिल्लाची चूक शोधणाऱ्या मालकाला त्याचे बरोबर वागणे टिपण्याची सवय लावून घ्यावी लागते. डॉल्फिनच्या प्रशिक्षणातून आलेल्या कॅरन प्रायर यांनी ही दृष्टी 1984च्या पुस्तकातून घराघरांत पोहोचवली. त्या सुमारापर्यंत शिकवणी वर्ग पिल्लू सुमारे सहा महिन्यांचे झाल्यावर सुरू होत, कारण आवळणाऱ्या साखळीचे झटके कोवळ्या मानेला सोसणारे नव्हते. म्हणजे साखळीच्या सोयीसाठी शिकण्याचे सर्वोत्तम वय वाया जात होते. पशुवैद्य इयान डनबार यांनी 1982 मध्ये कॅलिफोर्नियात पिल्लांना मोकळे सोडून, खाऊ आणि खेळ यांच्या आधाराने शिकवणारे वर्ग सुरू केले, तेव्हा साखळीच उरली नाही आणि सहा महिने थांबण्याचे कारणही उरले नाही.