लिफाफ्याने जोडलेलं गिऱ्हाईक
ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९७७ साली ग्रीन शील्डची तिकिटं देणं थांबवलं. खरेदीवर मिळालेली ही तिकिटं जिभेने ओली करून वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू घ्यायची, असा तो व्यवहार. वही कुणाची, हे दुकानाला कधी कळलंच नाही. १९९५ मध्ये आलेल्या टेस्कोच्या क्लबकार्डाने मात्र नाव-पत्ता घेतला आणि दर तिमाहीला घरी लिफाफा येऊ लागला: गुणांची व्हाउचरं, सोबत त्या घराच्या खरेदीला जुळणारी सवलतीची कूपनं. सेन्सबरी या प्रतिस्पर्धी साखळीच्या अध्यक्षांनी याला इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड म्हणून हिणवलं. पुढच्याच वर्षी त्यांनीही कार्ड काढलं!

लोक पैसे वाचवायला येतात, पत्र वाचायला नव्हे, हा आक्षेप चुकीचा नाही. पण फायदा तिकिटांतही होताच, आणि क्लबकार्डाची परतफेड तरी किती, तर साधारण एक टक्का. एवढ्याशा रकमेला वजन आलं ते टपालामुळे. आपल्या नावाने आलेलं व्हाउचर सहसा कुणी केराच्या टोपलीत टाकत नाही. २०१९ पासून मात्र टेस्कोने फळीवरच दोन किमती लावायला सुरुवात केली, सभासदाची कमी, इतरांची जास्त. याला नातं म्हणणं मला पटत नाही. ही सक्ती आहे.