दिंडीच्या पुढे जाणारी गाडी



दिंडीचा इतिहास सांगायला बसलं की विणेकरी, पखवाजी, कीर्तनकार यांची नावं आधी येतात, आणि ती यायलाच हवीत. पण शिधा, भांडी, पाल, जळण हे काही डोक्यावर घेऊन पंढरी गाठता येत नाही. शंभर वर्षं आपण पायी चाललो ते पुढे गेलेल्या गाडीच्या भरवशावर. म्हणून त्या गाडीची हकिकत इथे मांडतो आहोत.

माउलींच्या पादुका पालखीत घेऊन दिंड्यांसह चालण्याची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांचं पाठबळ मिळालं. घोडे आणि तंबू यांची त्यांची सेवा आजही चालू आहे. म्हणजे सामानसुमानाची तजवीज ही सोहळ्यात पहिल्यापासून सेवाच मानलेली आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे लाखोंच्या गर्दीतही कोणी कुठे चालायचं हे ठरलेलं असतं. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांचा दंड वर झाला की सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. हरवलेल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो.

आपल्या दिंडीच्या आरंभीच्या काळात सामान बैलगाडीवर असे. गाडीवानाचं सगळं गणित बैलांवर चाले. पहाटे गाडी जुंपायची, उन्हं चढली की बैल सोडायचे, वैरण-पाणी करायचं आणि दिंडी येण्याआधी तळावर पोहोचायचं. पुणे ते सासवड ही मजल सर्वांत लांब, त्यात दिवे घाट. आजही माउलींच्या रथाला त्या घाटात जादा बैलजोड्या लावतात. भरलेल्या गाडीला तो चढ किती जड जात असेल, ते रथाकडे पाहिलं की कळतं.

ज्यांना पायी चालणं झेपत नसे त्यांना रेल्वेचा आधार झाला. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला पोहोचली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीत बसायचं. १९२७ साली तीच लाईन मिरजेपर्यंत गेली. १९४८ साली एस.टी. सुरू झाली आणि पुढे परतीचा प्रवास गावोगावच्या वारकऱ्याला सोपा झाला. आता आषाढीला पंढरपुराबाहेर तात्पुरती बसस्थानकं उभारतात आणि कोणत्या भागाच्या गाड्या कुठून सुटणार हे आधीच ठरवतात. नाहीतर सगळ्या गाड्या गावातच अडकल्या असत्या.

बैलगाडीच्या जागी ट्रक आला, मागून पाण्याचा टँकर आला. काम मात्र तेच राहिलं. पहाटे पाल उतरवून सामान भरायचं, पालखी निघण्याआधी वाट मोकळी करायची आणि पुढच्या तळावर चुली पेटवायच्या. ट्रकला उशीर झाला तर शेकडो माणसं भिजत उभी राहतात. याच धावपळीत चालकाचं आणि स्वयंपाकातल्या आयाबायांचं चालणं राहतं, रिंगण बघणं राहतं, कीर्तनही ट्रकच्या आडोशाला बसूनच ऐकावं लागतं. त्यांची वारी आपल्या वारीत जमा आहे, हे आपण विसरू नये.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.ने पंढरीला गेल्या. परंपरा राखली गेली, पण पावलांची भूक भागली नाही. गाडी चालण्याच्या मदतीला असते, चालण्याच्या बदल्यात नाही, हे त्या वर्षी सगळ्यांनाच पटलं.

आता वाटेवर खाजगी जीप आणि मोटारी फार झाल्या आहेत. एकेका घराची वेगळी गाडी आली की ती म्हाताऱ्या वारकऱ्याच्याच वाटेवर उभी राहते. तेव्हा दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना आमची विनंती एवढीच: पास मिळालेल्या दिंडीच्या गाड्यांतच सर्वांचं सामान जाऊ द्या, आपलं ओझं कमी करा. आणि रोज एका धडधाकट माणसाने तळावर थांबून सेवेकऱ्यांपैकी एकाला पालखीसोबत चालायला सोडा.