संदर्भचौकटींचे परिवर्तन (सापेक्षता सिद्धांतातील)

एकाच घटनेचे स्थान आणि काळ दोन निरीक्षक वेगवेगळे नोंदवतात. एकाच्या नोंदीवरून दुसऱ्याची नोंद काढण्याचा गणिती नियम म्हणजे संदर्भचौकटींचे परिवर्तन. निरीक्षकाच्या मोजपट्ट्या आणि घड्याळे मिळून त्याची संदर्भचौकट होते. बळ न लागलेली वस्तू जिच्यात सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहते, ती निरूढी चौकट. चौकट बदलली की मोजमापे बदलतात, पण भौतिकीचे नियम सर्व निरूढी चौकटींत त्याच रूपात राहतात, हे विशिष्ट सापेक्षतेचे मूळ विधान आहे.

निरीक्षकाच्या जागेचा हिशोब खानदेशाला जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहणाच्या गणितासाठी देशांतर आणि लंबन यांचे संस्कार दिले आहेत. पृथ्वीच्या केंद्रासाठी काढलेले उत्तर त्यांच्या साहाय्याने पृष्ठभागावरच्या निरीक्षकासाठी बदलून घेता येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात (१२०७) आहे. मात्र हा बदल जागेचा होता. निरीक्षकाच्या वेगाने काळाची नोंदही बदलते, ही कल्पना विसाव्या शतकातली.

बंद जहाजाच्या खोलीत कोणताही प्रयोग करून जहाजाची एकसमान गती कळत नाही, असे गॅलिलिओने १६३२ मध्ये दाखवून दिले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिवर्तनात काळ सर्वांना एकच असतो. मॅक्सवेलची विद्युत्-चुंबकीय समीकरणे या परिवर्तनात टिकेनात. ती टिकवणारे परिवर्तन लोरेंट्झने १९०४ मध्ये मांडले, त्याला लोरेंट्झचे नाव प्वांकारेने दिले आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ते दोनच गृहीतकांतून काढले: नियम सर्व निरूढी चौकटींत समान असतात आणि निर्वातातील प्रकाशाचा वेग उगमाच्या गतीवर अवलंबून नसतो.

जळगाव ते भुसावळ हे सुमारे २५ किमी अंतर एखादी गाडी कुठेही न थांबता ताशी ११० किमी वेगाने कापते असे धरू. दोन्ही स्थानकांची घड्याळे रुळांच्या चौकटीत तंतोतंत जुळवलेली आहेत आणि गाडी जळगाववरून जाताना डब्यातले घड्याळही तिथल्या घड्याळाशी जुळवून घेतले आहे. सुमारे ८१८ सेकंदांनी भुसावळ येते, तेव्हा डब्यातले घड्याळ भुसावळच्या घड्याळापेक्षा ४.२५ पिकोसेकंद मागे असेल. (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.) फलाटावरचा माणूस म्हणेल, गाडीतले घड्याळ सावकाश चालले. प्रवाशाच्या दृष्टीने गाडी स्थिर होती आणि स्थानकेच मागे धावत होती. म्हणून त्याच्या हिशोबाने सावकाश चालली ती स्थानकांची घड्याळे. मग भुसावळचे घड्याळ पुढे कसे?

उत्तर लोरेंट्झ परिवर्तनाच्या काळाच्या सूत्रातच आहे, कारण त्यात अंतराचेही पद येते. गाडी जळगावला असते त्याच क्षणी, प्रवाशाच्या चौकटीत, भुसावळचे घड्याळ जळगावच्या घड्याळापेक्षा ८.५ पिकोसेकंद पुढे असते. वेग आणि अंतर यांच्या गुणाकाराला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. प्रवासात भुसावळचे घड्याळ ४.२५ पिकोसेकंद गमावते, तरी तेवढेच पुढे उरते. दोघांची कारणे निराळी, पण घड्याळे शेजारी येतात तेव्हा दोघांनाही तोच फरक दिसतो. काळ मंदावतो एवढेच बहुतेक वर्णनांत ठळकपणे येते. एककालिकता (दोन घटना एकाच क्षणी घडणे) चौकटीगणिक बदलते हे त्याहून महत्त्वाचे आहे, कारण ते सोडले तर सिद्धांत विसंगत वाटू लागतो.

विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रेही चौकट बदलताना एकमेकांत मिसळतात. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधाची सुरुवातच चुंबक आणि वाहक यांच्या उदाहरणाने होते. चुंबक हलला तर वाहकातल्या प्रवाहाचे श्रेय विद्युत् क्षेत्राला आणि वाहक हलला तर चुंबकीय बळाला दिले जाई. प्रवाह मात्र दोन्हीकडे तेवढाच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्यांची जनित्रे याच विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनावर वीज निर्माण करतात.

व्यापक सापेक्षतेत (१९१५) निरूढी चौकटींचा विशेषाधिकारही जातो आणि नियम कोणत्याही निर्देशांकांत त्याच रूपात लिहावे लागतात. या स्वातंत्र्यामुळे एक अडचण येते: सूत्रातले वैचित्र्य गुरुत्वाकर्षणाचे की निवडलेल्या निर्देशांकांचे, हे ओळखायचे कसे? कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–१९९१) यांनी काशी हिंदू विद्यापीठात या विषयाची परंपरा उभी केली. त्यांनी के. आर. करमरकर यांच्यासह १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध याच अडचणीशी निगडित आहे. चार मितींच्या अवकाशकालाच्या वक्रतेपासून चौदा स्वतंत्र अदिश राशी बनतात आणि त्यांची मूल्ये निर्देशांक बदलले तरी बदलत नाहीत; याच राशी त्या निबंधाचा विषय आहेत. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांच्या श्वार्त्सशिल्डने काढलेल्या उत्तरात कृष्णविवराच्या क्षितिजावर एक पद अनंत होते, पण वक्रतेच्या अदिश राशी तिथे सांत राहतात. म्हणून तो दोष निर्देशांकांचा ठरतो. केंद्रापाशी मात्र त्या राशीच अनंत होतात आणि तिथे कोणत्याही परिवर्तनाने सुटका होत नाही.