घोट्याची अस्थिरचना : अभ्यासाचा इतिहास

घोट्याचा सांधा तीन हाडांचा बनलेला असतो : नडगीचे जाड हाड (अंतर्जंघास्थी), त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड (बहिर्जंघास्थी) आणि पावलातील टॅलस. पहिल्या दोहोंच्या खालच्या टोकांची मिळून एक खोबण होते व तीत टॅलस बसते. घोट्याच्या दोन्ही बाजूंस हाताला लागणारे उंचवटे म्हणजे या खोबणीच्या भिंती होत. शरीराचा भार मुख्यतः जाड हाड वाहते. त्यामुळे बारीक हाडाचे महत्त्व दीर्घकाळ ध्यानात आले नाही.

सुश्रुतसंहितेत गुल्फ म्हणजे घोटा हे मर्म मानले असून तेथील आघाताने वेदना, ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो, असे म्हटले आहे. यूरोपात इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) यांनी बारीक हाड घोट्याच्या वर मोडून आतील बंध तुटल्यास टॅलस बाहेर सरकते, हे दाखविले. गुडघा वाकवून स्नायू सैल केल्यास हाड बसविणे सुलभ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १७५६ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचा स्वतःचा पाय मोडला व तो कापण्याचा प्रसंग थोडक्यात टळला; मात्र ‘पॉटचा अस्थिभंग’ या नावाने ओळखली जाणारी दुखापत ती नव्हे. फ्रान्समध्ये ग्यीयोम द्यूपुइत्रां (१७७७–१८३५) यांनी मृतदेहांवर प्रयोग करून हे अस्थिभंग कसे घडतात, याचा शोध घेतला.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर मोडलेले हाड कातडी न उघडता दिसू लागले. डॅनिश वैद्य लाउगे-हान्सेन यांनी १९५० च्या सुमारास पावलाची स्थिती व आघाताची दिशा यांवरून अस्थिभंगांचे वर्गीकरण केले. बेल्जियमचे रॉबेअर दानिस (१९४९) व स्वित्झर्लंडचे वेबर (१९७२) यांनी बारीक हाड कोणत्या पातळीवर मोडले, यास प्राधान्य दिले. ही पातळी जितकी वर, तितका दोन्ही हाडांना बांधणाऱ्या बंधांना इजा होण्याचा संभव अधिक असतो.

१९७६ मध्ये रॅम्झी व हॅमिल्टन यांच्या प्रयोगांत टॅलस केवळ १ मिमी. बाहेर सरकल्याने सांध्यातील संपर्कक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. संपर्कक्षेत्र घटले की उरलेल्या कूर्चेवर दाब वाढून सांधा झिजण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे खोबण अस्थिर झालेली असल्यास बारीक हाडाची लांबी व जागा पूर्ववत करून ते पट्टी व स्क्रू यांनी स्थिर करणे, हे उपचाराचे प्रमुख सूत्र ठरले.