टीका, निबंध आणि रसग्रहण : मराठीच्या वर्गातील एका ताटातुटीचा इतिहास

पदवी वर्गाच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना दोन गोष्टी हटकून आढळतात. कवितेवरील प्रश्नाच्या उत्तरात कविता ओळीमागून ओळ गद्यात उतरवलेली असते. आणि निबंधात सुभाषिते, थोरांची वचने व अलंकारिक वाक्ये यांची रेलचेल असूनही लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे, याचा पत्ता लागत नाही. याचा दोष सामान्यतः बाजारातील मार्गदर्शिकांना दिला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु या दोन सवयी मार्गदर्शिकांहून पुष्कळ जुन्या आहेत. साहित्यकृतीचे विश्लेषण आणि सुसंगत निबंधलेखन ही दोन कौशल्ये मराठीत एकत्र कशी आली आणि पुढे विलग कशी झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘टीका’ म्हणजे मूळ ग्रंथाच्या पदापदाचा उलगडा. अन्वय लावणे, समास सोडवणे, पर्यायशब्द देणे ही मल्लिनाथासारख्या टीकाकारांची पद्धती होय. इ.स. १२९० मधील ‘ज्ञानेश्वरी’ ही तर मराठीतील सर्वश्रेष्ठ टीका. कीर्तन-प्रवचनांतील निरूपणही याच वाटेने जाते : ओवी घ्यावी, तिचा अर्थ सांगावा, दृष्टान्त द्यावा, पुढील ओवीकडे वळावे. उत्तरपत्रिकेत कवितेचा ‘भावार्थ’ लिहिणारा विद्यार्थी नकळत याच परंपरेचा वारसदार असतो. ‘निबंध’ या शब्दाची कथाही अशीच आहे. धर्मशास्त्रात निबंधग्रंथ म्हणजे विविध वचने एकत्र बांधून केलेला संग्रह. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ किंवा १६१२ मधील कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र त्या निबंधकारांनी वचनांतील विरोध मिटवून निर्णय दिला, हे विसरता कामा नये. आजच्या शालेय निबंधात वचने उरली, निर्णय मात्र गळाला.

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही शब्दांना नवा अर्थ चिकटला. त्यासाठी लागणारी सामग्री हळूहळू जमत होती. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेजर कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा मांडली. वाक्य कोठे थांबते, कोठे वळते हे डोळ्यांना दिसू लागल्यावाचून दीर्घ युक्तिवादाचे गद्य वाचणेही कठीण होते, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा कार्याचे महत्त्व कळते. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने जुन्या कवितेचे वेचे विद्यार्थ्यांच्या हाती दिले, आणि १८६५ मध्ये दादोबांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. ही टीका अद्याप जुन्या अर्थाने टीकाच होती, पण तिचा लेखक पाश्चात्त्य विद्येत मुरलेला होता.

याच सुमारास एक विपरीत गोष्ट घडली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८६०च्या दशकात मॅट्रिकनंतरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या व संस्कृतादी अभिजात भाषांना स्थान दिले. परिणामतः महाविद्यालयीन तरुण इंग्रजी आणि संस्कृत ग्रंथांची चिकित्सा करण्यास शिकला; मराठी ग्रंथाची चिकित्सा मराठीत करण्याचे शिक्षण त्याला कोणत्याही वर्गात मिळाले नाही. ते शिक्षण वर्गाबाहेर, नियतकालिकांतून मिळाले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४-१८८१) या दृष्टीने पाहिली पाहिजे. तिच्या ८४ अंकांतील विषय पाहिले तरी पुरे : भाषापद्धती, वाचन, लेखनशुद्धी, भाषांतर, ग्रंथांवर टीका, विद्वत्त्व आणि कवित्व, मोरोपंतांची कविता. हा जवळजवळ एक अभ्यासक्रमच होय, आणि तो चालवणारा गृहस्थ पेशाने शाळाशिक्षक होता. मेकॉले आणि जॉन्सन यांच्या वाचनाने घडलेल्या या लेखकाने प्रमेय मांडणे, प्रतिपक्षाचे म्हणणे उभे करणे, ते खोडणे आणि आधार देत पुढे सरकणे ही रीत मराठीत रुजवली. मोरोपंतांवर लिहिताना त्यांनी आर्यांचा केवळ अर्थ सांगितला नाही. कवीच्या योग्यतेविषयीचा एक वाद लढवला. टीका येथे निबंध झाली आणि निबंधाला ग्रंथाचा आधार मिळाला.

तथापि या वारशाला दुसरी बाजूही आहे. महात्मा फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना ‘निबंधमाले’ने युक्तिवादाऐवजी भाषेच्या अशुद्धतेचा उपहास केला. वस्तुतः फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) पाच प्रकरणांत कारणांकडून परिणामांकडे आणि परिणामांकडून उपायांकडे जातो. कर, पाटबंधारे, नोकरशाही, धर्मविधींचा खर्च अशी प्रत्यक्ष व्यवहारातील प्रमाणे तो देतो. रचनेच्या कसोटीवर त्या काळातील फार थोडे मराठी गद्य त्याच्या बरोबरीला बसेल. परंतु भाषेचा पोशाख पाहून विचाराची किंमत ठरवण्याची खोड मराठीच्या वर्गाला लागली ती लागलीच. ऱ्हस्व-दीर्घाखाली तांबडी रेघ ओढणारा हात निराधार विधानाखाली ती क्वचितच ओढतो. घरी बोलीभाषा असलेल्या विद्यार्थ्याने एखाद्या कथेविषयी स्वतंत्र मत साधार मांडले, तरी त्याच्या हाती अखेर शुद्धलेखनाचेच गुण पडतात, ही आजच्या वर्गातील वस्तुस्थिती आहे.

चिपळूणकरांच्या पिढीत या विषयाकडे सर्वांत शिस्तबद्ध दृष्टीने पाहिले ते गोपाळ गणेश आगरकर यांनी. ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये आणि ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. नाटक, व्याकरण आणि सामाजिक निबंध या तीन गोष्टी एकाच लेखणीतून निघाल्या, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, मुख्य वाक्य कोणते आणि गौण कोणते, याचे पृथक्करण ज्याला करता येते त्याला युक्तिवादातील मुख्य प्रमेय आणि उपप्रमेय यांचा भेदही दिसतो. आगरकरांच्या सामाजिक निबंधांची लांबलचक पण कधीही न अडखळणारी वाक्ये या शिस्तीची साक्ष देतात. शालेय व्याकरणात वाक्यपृथक्करण पुढे टिकून राहिले, पण निबंधाशी त्याचे असलेले नाते कोणी सांगितले नाही.

न्या. रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठीला विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळाला. मात्र ती आली ती प्रश्नपत्रिकेतील वेगवेगळ्या प्रश्नांत विभागून. एकीकडे निबंध, दुसरीकडे कवितेचे रसग्रहण. निबंधावर १९२६ च्या ‘गुजगोष्टी’पासून लघुनिबंधाची छाया पडली. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. तो रम्य होता, पण त्याचा विषय लेखकाचे मन हा होता, प्रमेय नव्हे. शाळेने त्याची लकब उचलली. सतरा वर्षांच्या मुलाकडून अनुभवसमृद्ध प्रौढाच्या मिस्किलपणाची अपेक्षा करणे हा एक विनोदच म्हटला पाहिजे. रसग्रहणाच्या बाजूला रा. श्री. जोग यांच्या ‘अभिनव काव्यप्रकाश’ (१९३०) सारख्या ग्रंथांनी काव्यशास्त्राची उत्तम मांडणी केली. वर्गात मात्र त्यांतील संज्ञांची यादीच तेवढी पोचली.

नेमक्या याच वेळी, १९२९ मध्ये, केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांचा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि तेरा कवितांवरील अभिप्रायांची छाननी ग्रंथात मांडली. सुशिक्षित वाचकांनाही साधा वाच्यार्थ लागत नाही, ते ठरावीक भावनांच्या साच्यातून कविता पाहतात, असे त्यांना आढळले. संदर्भ तोडून कविता वाचण्याच्या या पद्धतीवर पुढे रास्त आक्षेप आले. ‘नवनीत’मधील अभंग वारकरी परंपरेपासून तोडून वाचता येणार नाही, हे उघडच आहे. परंतु मराठीच्या वर्गाची अडचण नेमकी उलट होती आणि आहे. येथे कवीचा जन्म, मृत्यू, पुरस्कार आणि ‘काव्यविशेष’ आधी सांगितले जातात, कविता शेवटी येते. विद्यार्थ्याने कविता वाचण्यापूर्वीच तिच्याविषयीचे मत त्याच्याजवळ तयार असते.

रिचर्ड्स यांच्या प्रयोगातील दुसरी गोष्ट अध्यापकांच्या अधिक कामाची आहे. त्यांनी अभिप्रायांना गुण दिले नाहीत. चुका कोठे व का होतात याचे वर्गीकरण केले. मराठीच्या उत्तरपत्रिकांचे असे वाचन कोणत्याही महाविद्यालयात एका सत्रात करता येण्याजोगे आहे. त्याची सुरुवात प्रश्नाच्या शब्दांपासून व्हावी. ‘रसग्रहण करा’ या आज्ञेला भावार्थ हेच स्वाभाविक उत्तर असते. याउलट ‘या कवितेतील निवेदक स्वतःला दोषी मानतो काय? कवितेतील तीन स्थळांच्या आधारे तुमचे मत मांडा, आणि त्या मताविरुद्ध जाणारे एक स्थळ दाखवा’ असे विचारले, तर विद्यार्थ्याला कवितेकडे परत जावे लागते, निर्णय घ्यावा लागतो आणि परिच्छेदांचा क्रमही ठरवावा लागतो. विरुद्ध जाणाऱ्या स्थळासाठी स्वतंत्र गुण ठेवले, तर ‘निबंधमाले’तील प्रतिपक्षाची जागा त्याच्या लेखनात आपोआप तयार होते.