नवजातांचा श्वास : डॉ. मेरी एलेन एव्हरी यांचे कार्य

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी कित्येक घरांत एक दुःख मुकाट्याने गिळले जात असे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले मूल धापा टाकू लागे, निळे पडे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जगाचा निरोप घेई. 'अपुऱ्या दिवसांचे होते' एवढेच कारण सांगितले जाई. त्यामागील खरे कारण उजेडात आणणाऱ्या अमेरिकन विदुषी डॉ. एव्हरी यांचा हा अल्प परिचय होय.

त्यांचा जन्म १९२७ साली न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे झाला. शेजारच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यांना लहानपणीच अपुऱ्या दिवसांचे बालक दाखविले होते. १९५२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली आणि लवकरच त्यांना क्षयाने गाठले. सक्तीच्या त्या विश्रांतीतच फुप्फुसांविषयीची जिज्ञासा बळावली.

अशा बालकांच्या शवपरीक्षेत फुप्फुसांत काचेसारखा पापुद्रा आढळे व सर्वांचे लक्ष त्याकडेच लागलेले असे. एव्हरींनी मात्र तेथे काय नाही, हे पाहिले. निरोगी फुप्फुसांतील वायुकोशांच्या आत पृष्ठताण कमी करणारा एक स्निग्ध पदार्थ असतो. त्यामुळे उच्छ्वासानंतर ते मिटून जात नाहीत. बोस्टन येथे डॉ. जेरे मीड यांच्यासमवेत केलेल्या व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ह्या रोगाने दगावलेल्या बालकांत त्याच पदार्थाची उणीव असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्या बालकांना प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होई.

तथापि निदान म्हणजे उपाय नव्हे. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोनच दिवसांत ह्याच रोगाने बोस्टनमध्ये मृत्यू पावला. सत्ता व संपत्ती तेथे हतबल ठरली. पुढे १९८० साली जपानचे डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेला पदार्थ दहा बालकांच्या फुप्फुसांत सोडून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १९९० साली अमेरिकेत अशा औषधास प्रथम मान्यता मिळाली.

१९७४ साली बोस्टनच्या बालरुग्णालयाच्या प्रमुख वैद्यपदी येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९९१ साली त्यांना राष्ट्रीय विज्ञानपदक लाभले. २०११ साली त्या निवर्तल्या.

शोधापासून औषधापर्यंत एकतीस वर्षे लोटली. आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी त्यांच्यापासून एवढे अवश्य घ्यावे : जेथे सारे दैवाला बोल लावतात, तेथे नेमके काय उणे आहे, हे विचारावे आणि उत्तर फळास येईतो धीर सोडू नये.